मोहाचे झाड: धान्य, तेल आणि अबकारी

मोह हे मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलाचे झाड आहे. सातपुड्याचे उतार, मेळघाट, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि पश्चिमेकडे नाशिक, पालघर, ठाणे व रायगडचा डोंगरपट्टा, एवढ्या प्रदेशात महाराष्ट्रातला मोह उभा आहे. राज्याच्या सीमेपलीकडे बस्तर, मंडला, पंचमहाल, तेलंगण, ओडिशा आणि झारखंडपर्यंत त्याची वस्ती पसरली आहे. चिकू, बकुळ आणि खिरणी ही त्याची सख्खी भावंडे. शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. पन्नास-साठ फूट उंच, दाट घेराचे आणि मुरमाड, उथळ जमिनीतही तग धरणारे हे झाड कोणी पाणी घालून वाढवत नाही. कुणी मुद्दाम बी लावल्याची उदाहरणेही थोडीच. तरीही जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लाखो कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात त्याचे स्थान शेतातल्या पिकाइतकेच पक्के आहे.

त्याचे नाव संस्कृत ‘मधूक’ या शब्दापासून आले. प्राकृतात त्याचे ‘महुअ’ झाले, हिंदीत महुआ, गुजरातीत महुडा आणि मराठीत मोह. भुलवणारा, पाडणारा जो मोह, त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही; या नावाचे मूळ मधात आहे. गोंडीत या झाडाला इरूप म्हणतात, तेलुगूत इप्प आणि तमिळमध्ये इलुप्पै. म्हणजे एकाच झाडाच्या नावांचे दोन वेगळे प्रवाह, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा, गोंडवनात येऊन भेटतात. कोणत्याही एका भाषेने दुसरीकडून हे झाड उसने घेतलेले नाही. दोन्हीकडच्या लोकांना ते आपापल्या परीने आधीपासूनच माहीत होते.

झाडाचा वार्षिक क्रम समजला की त्याचे मोल समजते. माघ-फाल्गुनात पाने गळतात. मार्च-एप्रिलमध्ये, उघड्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लवदार कळ्यांचे घोस लोंबू लागतात. फूल रात्री उमलते. त्याच्या पाकळ्या सुट्या नसतात. त्या एकमेकींना जुळून फिकट पिवळसर, रसाळ, पोकळ मण्यासारख्या होतात, आणि पहाटेच्या सुमारास हा गरदार भाग देठापासून सुटून खाली पडतो. झाड हलवावे लागत नाही, चढावे लागत नाही. रात्री वटवाघळे त्यावर तुटून पडतात आणि त्यांच्याकडून परागीकरणही होते. पडलेल्या फुलांवर हरणे येतात, अस्वले येतात. माणसाला या सगळ्यांच्या आधी, अंधार फिटण्यापूर्वी झाडाखाली पोचावे लागते. मोहाच्या मोसमात अस्वलाने माणसावर हल्ला केल्याच्या घटना विदर्भात दरवर्षी घडतात. दोघेही एकाच वेळी एकाच अन्नासाठी आलेले असतात.

वेचण्याचे काम मुख्यतः बायका आणि मुले करतात. झाडाखालचा पाचोळा आधी साफ केलेला असतो. खालची जमीन झाडून, कधी सारवून ठेवलेली असते. टोपल्या भरून फुले घरी येतात आणि अंगणात, खळ्यावर किंवा खडकावर पसरली जातात. तीन-चार दिवसांच्या उन्हात ती आकसून लालसर-तपकिरी, मनुकांसारखी होतात; ओल्या वजनाचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा उरतो. दोन ते चार आठवडे हा मोसम चालतो. एकाच झाडाखाली रोज थोडे-थोडे पडत असल्यामुळे एक दिवसही चुकवून चालत नाही. त्या दिवसांत गावे रिकामी पडतात, शाळेतली हजेरी घटते, आणि दूरच्या झाडांसाठी काही कुटुंबे जंगलातच मुक्काम टाकतात.

सुक्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. आंबण्यासाठी ती उत्तमच, पण पोट भरण्यासाठीही तितकीच कामाची. फुले भाजून, कांडून ज्वारी-नागलीच्या पिठात मिसळतात; तिळाबरोबर कुटून गोळे करतात; उकडून नुसती खातात; गूळ परवडत नसेल तिथे गोडव्यासाठी वापरतात. बांबूच्या कणगीत नीट कोरडी ठेवली तर पावसाळा ओलांडूनही ती टिकतात. फुलांत प्रथिने कमी, त्यामुळे नुसत्या फुलांवर माणूस फार काळ धड राहत नाही. पण कोदो-कुटकी किंवा ज्वारीच्या मूठभर पिठाला ती दुप्पट करतात. गुरांनाही ती घातली जातात, विशेषतः नांगरटीच्या आधी बैलांना.

फुलांच्या मागोमाग नवी तांबूस पालवी येते आणि मेअखेरीपासून फळे धरू लागतात. कोवळ्या फळांची भाजी होते. पिकल्यावर गर वटवाघळे आणि पोपट खातात, बी खाली पडते. या बीला पूर्व विदर्भात टोरी म्हणतात, छत्तीसगडात टोरा, ओडिशात टोल. कवच फोडून आतला गर वाळवायचा, कांडायचा, वाफवायचा आणि घाण्यावर किंवा दोन जाड लाकडांच्या मध्ये दाबून तेल काढायचे. गराच्या वजनाच्या साधारण एकतृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक तेल निघते. थंडीत ते तुपासारखे गोठते. जेवणात, दिव्यात, केसांना, भेगाळलेल्या टाचांना, सगळीकडे तेच वापरले जाई. तमिळ प्रदेशात तर देवळातल्या दिव्यांसाठी म्हणून देवळांभोवती या झाडाची लागवड झाली. उरलेली पेंड कडू आणि जनावरांना अपायकारक असते, पण शेतात खत म्हणून, धुरी देऊन डास-किडे पळवण्यासाठी आणि ओढ्यातले मासे गुंगवण्यासाठी तिचा उपयोग होतो.

फुले येतात ती रब्बी संपल्यावर, बी मिळते ती पेरणीच्या तोंडावर, आणि या दोहोंच्या मध्ये मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याची कणगी रिकामी होऊ लागते त्याच चार महिन्यांत जंगल त्याला तीन वेळा काहीतरी देते. अवर्षणाच्या वर्षी, खरीप जळाले तरी, खोल मुळांचा जुना मोह बहुतेक फुलतोच. शेताचे पीक आणि मोहाचे पीक क्वचितच एकाच वेळी बुडते. या झाडाचे खरे मूल्य या वेळापत्रकात आहे; किलोच्या भावातून ते पुरते दिसत नाही.

म्हणूनच जंगल तोडून शेत काढताना आदिवासी शेतकऱ्याने मोह तोडला नाही. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत धानाच्या बांधीत किंवा ज्वारीच्या शेतात एकटे उभे असलेले जुने झाड दिसले की ते बहुधा मोहाचे असते. शेताइतकीच झाडांनाही मालकी होती. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचे हे गावात ठरलेले असे. झाडे वाटणीत येत, मुलीला देण्यात येत, सावकाराकडे गहाण पडत. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत आली तेव्हा अनेक ठिकाणी गावच्या मालगुजाराने मोहावर हक्क सांगितला आणि वेचणाऱ्याकडून फुलांचा वाटा घेऊ लागला. जमिनीच्या कागदावर जे नाव चढले त्याची सत्ता झाडावरही आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी झाडाखालची जमीन सारवली त्यांना वाटेकरी व्हावे लागले.

धर्माचे बंधनही झाडाभोवती होतेच. गोंड आणि माडिया समाजात नव्या हंगामाची फळे-फुले पहिल्यांदा देवाला दाखवण्याचे सण असतात, त्यांना पंडुम म्हणतात. मोहफुलांचाही असा पंडुम आहे. लग्नाच्या मांडवात मोहाची डहाळी लागते. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाच्या दारूचे थेंब पूर्वजांना आणि धरतीला शिंपडले जातात. हे दारू पिण्याचे निमित्त नव्हे. झाडाने दिलेले देवाला परत देण्याची ती रीत आहे. बाहेरच्या निरीक्षकांनी बहुतेक वेळा पहिला अर्थ घेतला आणि दुसरा सोडून दिला.

महाराष्ट्राच्या जुन्या साहित्यात मोह अगदी सुरुवातीपासून आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’त मोहाच्या अनेक गाथा आहेत. एकीत गोदावरीच्या काठच्या, फुलांच्या भाराने वाकलेल्या मोहालाच विनवणी केली आहे. दुसरीत हंगामाची शेवटची फुले रडत-रडत वेचणारी स्त्री आहे, कारण फुले संपली की रानात जाण्याचे, प्रियकराला भेटण्याचे निमित्तही संपणार. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासही गोदाखोऱ्यात पहाटे फुले वेचायला बायकाच जात होत्या. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त लग्नासाठी सजणाऱ्या पार्वतीच्या केसांत मधूकफुलांची फिकट माळ गुंफली आहे. चरकाच्या वैद्यकात मधूकापासून आसव करण्याची माहिती आहे. राजवाडा, वैद्याची खोली आणि नदीकाठचे रान, तिन्ही ठिकाणी झाड एकच होते.

कंपनी सरकारच्या काळात युरोपीय लेखकांचे लक्ष या झाडाकडे लवकर गेले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ मध्ये काढलेल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात चार्ल्स हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याचा मोहाच्या झाडावर एक लेख आहे. फुले, तेल, दारू, लाकूड अशी सगळी उपयुक्तता त्यात येते. पुढे रॉक्सबर्गने त्याला ‘बॅसिया लॅटिफोलिया’ असे शास्त्रीय नाव दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जॉर्ज वॉटच्या आर्थिक उपजांच्या कोशात मोहाला सविस्तर जागा मिळाली. बिहारमध्ये १८७३-७४ च्या दुष्काळात मोहफुलांनी असंख्य गरिबांना जगवले, हे त्या काळच्या लिखाणात नोंदलेले आहे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या जंगलपट्ट्यात हाच अनुभव आला. सरकारी कागदांत मोहाची ‘दुष्काळातले अन्न’ अशी नोंद होत होती, त्याच काळात सरकारचा दुसरा विभाग त्याच फुलाकडे वेगळ्या नजरेने पाहत होता.

मुंबई इलाख्यात आधी अबकारी म्हणजे गावोगावचा मक्ता असे. मक्तेदार ठरावीक रक्कम भरी, गावच्या भट्टीवर दारू निघे, आणि डोंगरातले लोक घरच्या वापरापुरते गाळत त्याकडे फारसे कोणी पाहत नसे. ही व्यवस्था मोडून १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने नवी घडी बसवली. तिची आखणी करणारा मुख्य अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांतच काढायची आणि तिच्या कडकपणानुसार दर गॅलनला कर घ्यायचा, हे या पद्धतीचे सूत्र होते. मुंबई, ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यासाठी हे केंद्र झाले उरण. तिथे पारशी व्यापाऱ्यांच्या भट्ट्या आधीपासून होत्या. पंचमहाल आणि गुजरातच्या इतर भागांतून सुकी मोहफुले रेल्वेने मुंबईला येत, तिथून पडावांनी उरणला, आणि दारू होऊन पुन्हा त्याच डोंगरपट्ट्यातल्या दुकानांत जात.

या फेऱ्यात आदिवासीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ठाण्याच्या वारली, कातकरी, ठाकर कुटुंबाच्या दारात मोह होता, मडके होते, बांबूची नळी होती. फुले चार-सहा दिवस भिजवून आंबवायची, मडक्याला नळी जोडून वाफ गार करायची, एवढेच तंत्र. आता हे घरातले काम गुन्हा ठरले, आणि तीच दारू उरणहून येऊन कित्येक पटीने महाग विकली जाऊ लागली. ती रोख पैशाने घ्यायची. पैसा नसेल तर दुकानदाराकडे उधार. दुकानदार बहुधा सावकारही असे आणि जमीनदारही. ठाणे जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनी हातातून गेल्या त्याला सारा आणि सावकारी ही कारणे होतीच, पण या कर्जाच्या वहीत दारूची पाने थोडी नव्हती.

चोरून दारू गाळणे साहजिकच थांबले नाही. तेव्हा सरकारने मडक्याऐवजी फुलालाच हात घातला. १८९२ चा मुंबई मोहरा कायदा म्हणतात तो हाच. ठाणे आणि कुलाबा हे जिल्हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. मोहफुले बाळगणे, नेणे, आणणे, विकणे यांवर त्याने निर्बंध घातले. हिंदुस्थानातल्या दुसऱ्या एखाद्या रानफुलावर असा कायदा होणे विरळाच. कायद्याच्या मांडणीत फूल म्हणजे दारूचा कच्चा माल, एवढीच त्याची ओळख उरली. घराच्या कणगीतले, पावसाळ्यासाठी राखलेले अन्न आता शिपायाच्या मर्जीवर आले. झाडे कोणी तोडली नाहीत, पण झाडाखालची फुले सडू दिली गेली. महसूल वाचवण्यासाठी अन्नाला गुन्ह्याच्या यादीत टाकण्याचा हा निर्णय मोहाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण आहे, आणि त्याचा परिणाम पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला.

गंमत नव्हे तर विसंगती अशी, की गावकऱ्याला पुढे जे बाळगता येईनासे झाले ते व्यापाऱ्याला आधीपासून जहाजात भरता येत होते. १८८० च्या दशकात मुंबई बंदरातून सुकी मोहफुले फ्रान्सला, मुख्यतः मार्सेय बंदरात, तिथल्या मद्यभट्ट्यांसाठी जात. फ्रान्सने पुढे ती आयात थांबवल्यावर हा व्यापार बसला. बियांचा व्यापार मात्र टिकला आणि वाढला. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाच्या बिया मुंबईहून जर्मनी आणि बेल्जियमला साबण, मेणबत्त्या आणि खाद्य चरबीच्या कारखान्यांसाठी रवाना होत. युद्ध सुरू झाल्यावर ही गिऱ्हाइके तुटली, पण फुलांना एक अनपेक्षित काम मिळाले. तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या कॉर्डाइट या स्फोटकाला अॅसिटोनची गरज असते. ते मोहफुले आंबवून तयार करण्यासाठी नाशिकला कारखाना उभारण्यात आला. ज्या फुलाची टोपली ठाण्याच्या कातकऱ्याकडे सापडली तर खटला होई, तेच फूल साम्राज्याच्या दारूगोळ्यासाठी चालले.

१९२२ मध्ये वसई-पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून एक लाट उठली आणि ठाणे, जव्हार, नाशिकचे डोंगर ओलांडून दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोचली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येते आणि आज्ञा करते, असे लोक मानत. आज्ञा साध्या होत्या: दारू आणि ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे काम करू नका. हजारोंच्या सभा भरल्या, दुकाने ओस पडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये या चळवळीवर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक लिहिले. त्यातून ही चळवळ केवळ सुधारणेची नव्हती, अबकारीने उभ्या केलेल्या सावकार-दुकानदाराच्या सत्तेला दिलेले ते उत्तर होते, हे स्पष्ट होते. मोहाची दारू सोडणे म्हणजे स्वतःच्या झाडाला नाकारणे नव्हते. उरणहून आलेल्या बाटलीला नाकारणे होते.

मध्य प्रांतात पुढच्या दशकात उलट बाजूने एक आवाज उठत होता. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे मंडला भागात गोंड-बैगांमध्ये राहत होते. मोहाची घरगुती दारू हा आदिवासी जीवनाचा भाग आहे, त्यावरचा कर आणि छापे हा गरिबाला छळण्याचा मार्ग आहे, असे एल्विन यांचे म्हणणे होते. गांधीवादी दारूबंदीच्या वातावरणात ते एकटे पडले. वाद आजही मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरचे नियंत्रण त्याच्या पोटात गेले. वसाहतीच्या सरकारला महसूल हवा होता, नव्या सरकारला व्यसनमुक्ती. पण टोपली घेऊन चाललेल्या बाईला दोन्हींचा अनुभव सारखाच आला. एका ठरावीक मर्यादेपलीकडे फुले साठवली किंवा नेली की परवाना लागे. परवाना व्यापाऱ्याला मिळणे सोपे, वेचणाऱ्याला अवघड. त्यामुळे फुले सुकली की लगेच, भाव पडलेला असताना विकून टाकणे भाग पडे. आठवडी बाजारात मीठ, तिखट किंवा कापडाच्या मोबदल्यात पायलीने फुले देण्याची चाल दीर्घकाळ टिकली. आणि पावसाळ्यात तीच फुले त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने परत घ्यावी लागत. साठवण्याचा अधिकार हिरावला की धान्याचा नुसता माल होतो.

ही साखळी तोडण्याचा सरकारी प्रयत्न १९७० च्या दशकात झाला. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात धान्य व गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी सुरू करण्याचा मार्ग खुला झाला. खासगी व्यापाऱ्याला काही प्रमाणात आळा बसला, पण खरेदी केंद्र वेळेत उघडणे, पैसे वेळेत मिळणे आणि वजन खरे असणे या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून राहिले. जिथे त्या जमल्या नाहीत तिथे बाजारातला जुना व्यापारीच पुन्हा उभा राहिला.

दारूच्या प्रश्नाला याच काळात नवे वळण मिळाले. मोहाच्या गाळपाचा घरापुरता व्यवहार रस्त्याकाठच्या धंद्यात बदलला. सडव्यात, म्हणजे आंबवलेल्या मिश्रणात, मोहाबरोबर गूळ आणि नवसागर पडू लागले, आणि पहिल्या धारेची दारू पूर्वजांना दाखवून मग पिण्याची रीत मागे पडून रोजचे व्यसन वाढले. गडचिरोली जिल्ह्यात स्त्रियांच्या पुढाकाराने मोठे आंदोलन झाले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होत होती, हे त्या स्त्रियांचे दुःख खरे होते. त्याच स्त्रिया पहाटे मोहफुलेही वेचत होत्या, आणि ती विकून पेरणीचे बी आणत होत्या. सडवा नष्ट करण्यासाठीच्या छाप्यात कणगीतली फुलेही संशयाने पाहिली जात राहिली.

मालकीचा प्रश्न सोडवण्याच्या दिशेने मोठे पाऊल पडले ते दोन केंद्रीय कायद्यांनी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वननिवासींचा हक्क असल्याचे मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशातली ही पहिली काही गावे. त्यांच्या लढ्याचा गाजलेला भाग बांबूचा आहे, पण तेंदू, मोह, चारोळी, हिरडा हे सगळेच त्या हक्कात येते. तरी वनकायद्याने जे फूल ग्रामसभेचे झाले तेच अबकारीच्या नियमांत नियंत्रित राहिले, ही गुंतागुंत बरीच वर्षे टिकली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक करणे यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ पासून मोजले तर हे व्हायला जवळपास एकशे तीस वर्षे लागली.

भावाच्या बाजूनेही काही हालचाल झाली. केंद्र सरकारच्या वनोपज आधारभूत किमतीच्या योजनेत २०२० मध्ये सुक्या मोहफुलांचा दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये झाला आणि बियांचा २५ वरून २९. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार या भागांत महिला बचत गट मोहाचे लाडू, सरबत, जॅम आणि मनुका करून विकू लागले. चांगल्या, स्वच्छ फुलांना खाद्यपदार्थाच्या बाजारात दारूच्या बाजारापेक्षा बरा भाव मिळतो. मद्याच्या बाजूने, गोव्यात २०१८ मध्ये मोहाचे बाटलीबंद मद्य विक्रीला आले, आणि मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देण्याचे धोरण आखले. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा भागातली सुकवलेली फुले खाद्य म्हणून पुन्हा फ्रान्सला गेली. मार्सेयच्या भट्ट्यांना फुले गेली होती त्याला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

तेलाचे मात्र असे पुनरागमन झालेले नाही. रेशनवर आणि दुकानात पामतेल व सोयातेल स्वस्त मिळू लागल्यावर टोरी फोडून, वाफवून, दाबून तेल काढण्याचे कष्ट कोणी घेईना. आता बहुतेक बिया व्यापाऱ्यामार्फत साबण आणि रसायनांच्या कारखान्यांकडे जातात. गडचिरोली आणि बस्तरच्या आतल्या गावांत अजून काही घरे स्वतःचे तेल करतात, पण ते कसब जुन्या बायकांकडेच उरले आहे.

दरम्यान झाडे म्हातारी होत आहेत. शेतातले मोह बहुतेक शंभरी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्या खाली रोपे दिसत नाहीत. याची कारणे झाडाच्या उपयुक्ततेतच आहेत. फुले तर वेचली जातातच. बियाही एक-एक करून उचलल्या जातात, आणि मोहाचे बी ताजे असतानाच रुजते, साठवले की लवकर मरते. चुकून उगवलेले रोप गुरे खातात किंवा नांगर उपटतो. शिवाय पाचोळा झाडण्याऐवजी पेटवून देण्याची सवय वाढली आहे. फुले सहज दिसावीत म्हणून लावलेली ती आग बाजूच्या जंगलात पसरते आणि कोवळी रोपे जाळते. वनविभाग आणि काही ग्रामसभा त्यासाठी झाडाखाली जाळी बांधण्याचा आग्रह धरतात. जाळीवर पडलेले फूल मातीला लागत नाही, त्यामुळे ते खाद्यपदार्थासाठीही चांगल्या भावाने जाते.

बीपासून वाढलेल्या झाडाला पहिली फुले यायला आठ-दहा वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्न यायला त्याहून बरीच अधिक, म्हणून सरकारी वृक्षारोपणात मोह मागे पडत आला. त्याला दुसरा मार्ग कलमांचा. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रीय उद्यान प्रयोग केंद्रात फुले, बी आणि तेल यांच्या गुणावरून निवडलेल्या झाडांची कलमे करण्याचे काम झाले आहे, आणि कलमी झाड बीच्या झाडापेक्षा कितीतरी लवकर फुलते. गोध्रा हे त्याच पंचमहालातले गाव, जिथून उरणच्या भट्ट्यांना फुले येत असत.